लालबागच्या लादीवरचे तीन शांत दिवस

"मामा, रविवारी माझ्याबरोबर मुंबई बघायला येतोस?" माझी भाची केतकी म्हणाली. दादरला उभा जन्म काढलेल्या माणसाला हे विचारणं धाडसाचंच. पण केतकी जमिनीच्या पोटातल्या हालचालींवर संशोधन करते. तिची मुंबई पायाखालची आहे. मी टोपी आणि पाण्याची बाटली घेतली.

पहिला थांबा शीवचा किल्ला. ऊन चढायच्या आत जा. चढ सोपा आहे, वर वारा छान. बुरुजाखालचा काळा दगड थोपटत केतकी म्हणाली, "हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लालबागखालीही असाच दगड आहे, पण वर चिखल आणि भराव. तो किती खोल, तेच शोधतेय. भूकंपात मऊ जमीन जास्त हलते रे."

त्यासाठी तिने शीव, गिरगाव आणि लालबागला ओळखीच्या तीन तळमजल्यांवर डब्याएवढी यंत्रं महिन्यापूर्वी ठेवली होती. लाटा, बस, पावलं, सगळ्यांनी जमीन बारीक थरथरते. हे यंत्र ती थरथर टिपतं, नोंद थेट केतकीच्या लॅपटॉपवर पाठवतं आणि त्यावरून खालच्या थरांचा अंदाज येतो.

तिथून लाल बसने गिरगाव. आधी मिसळ आणि पियुष, मग खोताची वाडी. लाकडी जिने, रंगीत खिडक्या सुंदर आहेत, पण आत माणसं राहतात, तेव्हा विचारून फोटो काढा. यंत्र सांभाळणारे आंतोनकाका दारातूनच ओरडले, "ए पोरी, तुझ्या डब्यापायी महिनाभर नाचलो नाय हां मी!" त्यांची नोंद उत्तम निघाली.

रडगाणं होतं लालबागचं. तिथला डबा रोज सकाळी साडेसहाला जागचा हलत होता. केतकीने तो उचलून दुसऱ्या घरी ठेवायचं ठरवलं होतं. घर माझ्या चुलत बहिणीचं, सुनंदाताईचं. ती एकटीच राहते. शेवटी तिच्याकडे पोचलो.

"उचलल्याशिवाय लादी कशी पुसू गो?" ताई म्हणाली. "घरात आलेल्या वस्तूखाली केर ठेवायचा?"

"मावशी, पण तू तो फिरवतेससुद्धा! डब्यावरचा बाण उत्तरेलाच हवा."

"मग त्याचा दिवा मला खाटेवरून कसा दिसणार? रात्री बरा वाटता."

केतकी हसली आणि लॅपटॉप उघडून नोंद दाखवू लागली. "हे बघ, ही तुझी पावलं. मोरीपासून ओट्यापर्यंत." ताई हरखून वाकली. "आणि हे तीन दिवस तू गावाला होतीस ना? एक पाऊल नाही. सगळ्या महिन्यातली बेस्ट नोंद. सरांना हीच दाखवली मी."

ताईने पदर सारखा केला. "गावाक खंयची जातंय? ताप होता. पडून होते. मोरीपर्यंत काय ती सरकत गेले."

"कुणाला सांगितलं नाहीस?" केतकीने विचारलं.

"सांगून काय? तुमका कामं असतत."

दादरहून तिचं घर चालत अर्ध्या तासावर आहे.

केतकीने लॅपटॉप मिटला. डबा नेण्यासाठी आणलेली पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग ताईकडून गेरू मागून घेतला, डब्याभोवती चौकोन आखला आणि उत्तरेला बाण काढला. "याच्या बाहेरून पुसायचं. आत राहू दे केर."

"आणि दसऱ्याला?"

"तेव्हा मी येईन. दोघी मिळून पुसू."

परतताना गल्लीत मसाला घेतला. तुम्हीही घ्या, मिरची आपल्यादेखत कुटून देतात. फक्त नाकाला रुमाल लावा.

रात्री घरी मनाशी दिवसाची उजळणी केली, तर शीवचा दगड पुसट झाला होता. राहिली ती लॅपटॉपवरची सपाट रेष.

सकाळी सातला केतकीचा मेसेज आला. नागमोडी रेषेचा फोटो, खाली दोनच शब्द: "मावशी उठली."

मी चपला घातल्या. त्या दिवशीची लालबागची नोंद तिला टाकून द्यावी लागली असणार: दोन माणसांची पावलं, आणि ओट्याजवळ बराच वेळ.