आबांची वजाबाकी

आमच्या चुलत आजोबांना, म्हणजे आबांना, बारशाला बोलावताना गावातल्या बायका बिचकत. आबा घुगऱ्या खात, पाळण्यात डोकावत आणि बाळाचं नाव सोडून सगळं विचारत. याला थोरले भाऊ किती? घराला खोल्या किती? मग मनाशी काहीतरी वजा करत घरी जात. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या आपल्या रानात कडुलिंबाचं रोप लावत. कधी कधी लावतही नसत.

आमच्याकडे घरं धाब्याची. खाली तुळया, त्यांवर फांद्या, वर माती. तुळईजोगा लिंब वाढायला पोरगा लग्नाला येण्याइतकाच काळ लागतो, म्हणून पुढच्या घरांचा विचार बारशालाच करायचा, ही आबांची रीत. आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडचं; त्यातलं निम्मं त्यांच्याच लिंबांच्या तुळयांखाली झोपत असे. निजाम सरकारचा माणूस खानेसुमारीला आला, तेव्हा आबा त्याला म्हणाले, "साहेब, तुमी हायेत ती माणसं मोजून राह्यले. मी व्हणारी घरं मोजतो. तुमचं काम सोपं हाय."

"दर पोरामागं घर लागत न्हाई," ते समजावत. "एखादा घरजावई जातो. एखादा थोरल्याच्या ओसरीत पडून ऱ्हातो. भाऊ भाऊ ऱ्हातेत एका घरात. जावा न्हाई ऱ्हात. ते बी धरावं लागतं. आन् एखादं..." इथे ते पंच्याने तोंड पुसत. पटकी आणि देवी, दोन्ही रोग गावाला ओळखीचे होते. पुढचं कुणी विचारत नसे.

माझ्या पाठीवर विष्णू झाला, तेव्हा आबांनी रोप लावलं नाही. माझं एक होतं, तेवढ्यात भागेल असा त्यांचा अंदाज. आई विष्णूला कडेवर घेऊन, मला हाताला धरून रानात गेली.

"मामंजी, लेकरं दोन. झाड एकच?"

"सूनबाई, हा सबंध गावाचा अंदाज हाय. तुझ्या घराचा न्हाई."

"मंग या दोघांतलं कोणतं वजा केलं, तेवढं सांगा. मी जाते."

आबा बाकीच्या रोपांना पाणी घालायला लागले. आई बांधावर बसली. ऊन चढलं, विष्णू रडून झोपला, तरी ती उठली नाही. शेवटी आबांनी खड्डा घेतला. "या बाईनं माझा हिशोब पार बिघडवला," असं ते पुढे कैक वर्षं सांगत. मी तेव्हा नुकता बोलायला लागलो होतो. तरी भावाच्या रोपासाठी मी एक शब्द बोललो नाही, याची टोचणी मला आजही आहे.

विष्णू शाळेत जायला लागला आणि पटकीत गेला. त्याच घागरीचं पाणी मीही पीत होतो. आबा भेटायला आले, उंबऱ्याशी बसले. "सूनबाई, माझा हिशोब बराबर आला," एवढं म्हणाले, आणि मग त्यांना उठता येईना. आईनेच हात धरून उठवलं.

त्यानंतर ते प्रत्येक बारशाला रोप लावू लागले. मुलींच्यासुद्धा. पाटील हसले, "आबा, येवढी घरं बांधायला गावठाणात जागा कुठं हाय?"

"नसंल."

"मंग अंदाज?"

"अंदाज सोडला. रोपं लावून राह्यलो."

माझं लग्न ठरलं आणि नवं घर बांधायला घेतलं. आबांनी माझं झाड तोडलं, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि निघाले. आईने शेजारचं झाड दाखवलं.

"हे बी तोडा, मामंजी."

"एका पोराच्या घराला एक तुळई, एक खोली बस झाली, सूनबाई."

"दुसरी विष्णूची."

आबांनी खांद्यावरची कुऱ्हाड खाली घेतली. त्या झाडाच्या तुळईला त्यांनी सुताराचा हात लागू दिला नाही, ती स्वतः तासली. माझ्या खोलीतली तुळई तिच्यापुढे ओबडधोबड दिसते, आणि ते योग्यच आहे. पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले.

आई होती तोवर विष्णूची खोली ती झाडायची. आता मी झाडतो. तिथे जवारीची पोती ठेवू, असं बायको दर सुगीला म्हणते. मी हो म्हणतो, आणि पोती ओसरीत लावतो.