सानिकाची प्लेट

शनिवारची शाळा सुटत होती, तेवढ्यात मेघाच्या नवऱ्याचा फोन आला. महाडला दवाखान्यातच तिच्या छातीत कळ आली आणि पाच मिनिटांत सगळं आटोपलं... मला आधी रागच आला. स्वतःच्या तब्येतीकडे कधी बघितलं होतं का या बाईने?

मेघा माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती दातांची डॉक्टर झाली, मी गडाखालच्या हिरकणीवाडीच्या शाळेत बाई. दर सोमवारी दवाखाना बंद ठेवून ती माझ्या पोरांचे दात बघायला यायची. रविवारी गडावर माणसांची झुंबड, घरोघरच्या आया त्यांच्या जेवणासाठी चुलीपाशी, म्हणून सोमवार. तोंडाने फटकळ. दुधाचे दात दोऱ्याने उपटून कौलांवर फेकणाऱ्या आज्यांवर तर ती जाम चिडायची. तो दात मागून येणाऱ्याची जागा राखत असतो, वेळेआधी काढला की शेजारचे सरकतात आणि नवे एकमेकांच्या अंगावर चढतात, हे ती दर खेपेला नव्याने सांगायची.

तिसरीतल्या सानिकाचं तेच झालेलं. हसताना पोर तोंडावर हात धरायची. तिच्या आईची भाकरी-पिठल्याची टपरी. ती म्हणाली, दात काय, वाढत्या वयात आपसूक सरळ होतील. मेघा टपरीवर तासभर ठाण मांडून बसली.

"जबडा वाढतोय तोवरच जागा करता येते गो. नंतर चांगले दात उपटावे लागतील."

शेवटी टाळूला बसणारी प्लेट झाली. तिच्यातला बारीक स्क्रू आठवड्यातून एकदा चावीने फिरवायचा, म्हणजे जबडा हळूहळू रुंदावतो. आईला ते जमायचं नाही, म्हणून मेघाच फिरवायची. सहा महिन्यांत पुढच्या दातांना जागा होत आली. शेवटच्या सोमवारी प्लेटची कड लागून हिरडी सोललेली दिसली आणि ती कड घासायचं मशीन नेमकं महाडला राहिलेलं.

"काढून ठेव. मी येईपर्यंत घालायची नाही, कळलं?"

पुढच्या सोमवारी पोरं रस्त्याकडे डोळे लावून बसली. माझ्याच्याने बोलवेना. सांगून टाकलं, डॉक्टरबाई गावाला गेल्यात, येतील. पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी...

महिना उलटल्यावर एक दिवस सानिका टेबलापाशी आली. "बाई, अजून नाय आल्या? मी एकदापण घातली नाय हां."

प्लेट बसवून बघितली, बसेना. जरा दाबली तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर प्लेट नव्हती, तेवढ्यात दात परत मागे सरकले होते आणि ती शाबासकीसाठी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मी तिला खरं सांगितलं. तिची आई म्हणाली, जाऊ द्या बाई, आता परत नवी प्लेट नको. मेघाला देवाने नेलं. पण तिचं काम मी माझ्या खोट्याने घालवलं, हे कुणाला सांगू?

सानिकाने प्लेट माझ्या टेबलावर ठेवली ती नेलीच नाही. कोरडी पडली की बिघडते, म्हणून पेलाभर पाण्यात ठेवलीय. रोज वर्ग उघडला की आधी ते पाणी बदलते. ती आता कुणाच्याच तोंडात बसायची नाही, तरी बदलते.