त्याने मागितलेलं एक वाक्य

“रश्मी तं माह्यीच सून हाय वहिनी. तुमच्याकडं निस्ती ठेवून राह्यली मी.”

सिंदीची आत्या हे आईला म्हणाली तेव्हा मी गच्चीच्या जिन्यात उभी होते. वर दोघी कुरडया घालत होत्या, माझ्या हातात त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या होता. आत्याच्या बोलण्याचं मला फार वाटलं नसतं. मी पाळण्यात असल्यापासून ती हेच म्हणायची. आमच्यात भावाची मुलगी बहिणीच्या मुलाला देतात, त्यात कुणाला नवल नाही. पण आई हसली. नाही म्हणाली नाही, हसली — आणि म्हणाली, “आधी तुमचा विलास जहाजावर तर जाऊ द्या.”

मी तांब्या तिथेच पायरीवर ठेवला आणि खाली आले.

त्यानंतर मी जे केलं ते आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. सांगणार कुणाला? घरात मी कमी बोलणारी म्हणून ओळखली जाते. कमी बोलणाऱ्यांबद्दल लोकांचा एक समज असतो — की ती खोटंही कमी बोलत असणार. त्या समजाच्या आड मी इतकी वर्षं आरामात राहिले आहे.

विलास माझा आतेभाऊ. सिंदीला फाटकाजवळच्या गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचा. नागपूरच्या एका एजंटाने त्याला जहाजाचं सुचवलं. नव्याकोऱ्या गाड्या समुद्रातून परदेशी नेतात, त्या जहाजावर खलाशी हवे होते, आणि गाड्यांची माहिती असलेला मुलगा असेल तर बरंच. आग लागली तर काय, बुडायला लागलं तर काय, याचा एक छोटा कोर्स तो मुंबईला करूनही आला होता. तिथे शिकवणाऱ्याने सगळं हिंदीतून समजावलं. आता राहिली होती ती मुलाखत, तीही परदेशी कॅप्टनसमोर, इंग्रजीत.

बाबांचं हिंगणघाटला कापडाचं दुकान. त्यांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं — “आपली रश्मी शिकवेल. एवढी फी भरली कॉन्व्हेंटची.” बारावीनंतरची सुट्टी होती. विलास बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आला. कपडे धुतलेले असले तरी त्याला डिझेलचा वास यायचा. मी समोरच्या खुर्चीऐवजी खिडकीजवळची खुर्ची घेत असे, हे त्याच्या लक्षात आलं होतं का? आलं असावं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो सकाळी दोनदा आंघोळ करायला लागला.

मी शिकवलं. वाईट शिकवलं असं कुणी म्हणू शकलं नसतं. नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, ब्रेक, गिअर, डावं, उजवं. आणि सगळ्यात आधी एक उत्तर: “अंडरस्टुड, सर.” साहेब काहीही बोलला की ताठ उभं राहायचं आणि हे म्हणायचं.

“आन् नाईच समजलं तं?” त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“तरी हेच,” मी म्हणाले.

एक दुपार मला विसरता येत नाही. माझी मैत्रीण सोनल आली होती. बाबा दुकानात, आई झोपलेली. मी विलासला म्हटलं, चल, साहेब होऊन परीक्षा घेते. आणि शाळेत डिबेटला इतर मुली बोलायच्या तशा भरभर इंग्रजीत त्याच्या तोंडावर म्हणाले — तू गाढव आहेस, तुझ्या अंगाला डिझेलची घाण येते, आणि तुझ्याशी लग्न करण्यापेक्षा मी वणा नदीत जीव देईन. समजलं?

“अंडरस्टुड, सर,” विलास म्हणाला. छाती काढून.

सोनलने ओढणी तोंडात कोंबली. मी पुन्हा म्हटलं, आणखी वाईट काहीतरी. “अंडरस्टुड, सर.” आम्ही किती वेळ तो खेळ खेळलो? माझ्या घशाशी हसू येऊन ठसका लागला तेव्हा त्यानेच उठून मला पाणी दिलं. “बरोबर म्हटलं ना मी?” त्याने विचारलं.

मजा आली होती. हे लिहायला नको वाटतं, पण आली होती. वर्गात साधा हात वर करायला घाबरणारी मी — माझ्यापुढे एक मोठा माणूस ताठ उभा राहून मी म्हणेन ते कबूल करत होता.

सोनल गेल्यावर तो पुन्हा समोर येऊन बसला. मग त्याने विचारलं. शब्द न् शब्द आठवतो मला, कारण माझा सगळा गुन्हा त्याच्या या एका प्रश्नाला दिलेल्या उत्तरात आहे.

“रश्मी, एक वाक्य शिकव ना मले. मले समजलं नाई, पुन्हा सांगा — याले इंग्रजीत काय म्हणतात?”

माझ्या ओठावर होतं ते. पहिलीतल्या पोरालाही येतं. मी म्हणाले, “तसं वाक्य जहाजावर कुणी म्हणत नाही. ज्याने म्हटलं त्याला त्याच बंदरावर उतरवून घरी पाठवतात.”

“खरंच?”

“मग? समजत नाही अशा माणसाला कोण ठेवेल?”

त्याने मान डोलावली. “बरं झालं विचारलं. नाई तं म्हणून बसलो असतो मी.”

का केलं मी असं? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली आहेत. त्यातलं खरं एकच आहे. तो नापास झाला तर सिंदीला परत येईल, आत्या थांबणार नाही आणि त्याच्याशी माझं लग्न होईल. तो खरोखर शिकला, चार लोकांत इंग्रजी बोलणारा झाला, तर आईला जावई म्हणून आवडेल, आणि तरीही माझं लग्न होईल. मला त्याला दूर समुद्रावर पाठवायचं होतं, शिकवायचं नव्हतं. जाण्यापुरतं शिकवायचं आणि तिथेच थांबायचं — इतका नीट विचार मी केला होता. अठरा वर्षांची मुलगी भाबडी असते असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू द्या.

तो पास झाला. साहेबाला त्याचा ताठपणा आवडला म्हणे. आत्याने गावभर पेढे वाटले आणि आमच्याकडे वेगळा डबा आणला, माझ्यासाठी.

पहिल्या सफरीहून आला तेव्हा तो काळवंडला होता, पण फार खूश होता. आमच्या बैठकीत सगळ्यांना सांगत बसला. “जहाज नाई म्हणाचं त्याले मामा, पाण्यावरचं बारा मजली गोडाऊन हाय. आन् मजल्या-मजल्यावर गाड्या. पोळ्याले बैल उभे करतो ना ओळीनं, तशा. दोघींच्या मधातून आडवं होऊन जा लागते.” प्रत्येक गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी तळाला बांधलेली. समुद्र खवळला की एक पट्टी सुटली तरी गाडी शेजारणीवर आदळते, ती पुढचीवर. म्हणून पट्ट्या ताणत रात्रंदिवस फिरायचं. आणि सगळ्यात भीती आगीची. प्रत्येक गाडीत थोडं पेट्रोल, प्रत्येकीत बॅटरी. एक पेटली तर ओळच्या ओळ पेटते. मग पाणी मारत बसत नाहीत — दारं बंद करतात आणि आत गॅस सोडतात. गॅस हवा हाकलून लावतो आणि आग गुदमरून विझते.

“आन् आत माणूस असला तं?” आत्याने विचारलं.

“तो बी विझते,” विलास हसत म्हणाला. “म्हणून आधी विचारतात, सगळे भायेर आले का.”

त्याने एक फोटो दाखवला. तो आणि त्याचा जोडीदार अँथनी, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेल्या एका लाल गाडीला टेकून उभे. अँथनी केरळचा. दोघांनी मिळून एक मजला सांभाळायचा. विलासचं नाव सोडून तो त्याला ‘वर्धा’ म्हणायचा. फोटोत अँथनीने विलासच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगं केली होती.

आणि मग विलास माझ्याकडे वळून म्हणाला, “तुह्यं वाक्य लय कामी येते, रश्मी. साहेब काय बी बोलो, मी म्हणतो अंडरस्टुड सर. साहेब खूश. मंग हळूच अँथनीले विचारतो, काय म्हणे रे तो.”

सगळे हसले. मीही. आत्ताच आगीचं ऐकलं होतं, गॅसचं ऐकलं होतं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. त्याला बाजूला बोलावून सांगायला किती वेळ लागला असता? मी कप गोळा केले आणि आत गेले. पहिल्या वेळचं खोटं सुट्टीतल्या एका पोरीचं होतं असं म्हणता येईल कदाचित. या वेळचं नाही. या वेळी मला माहीत होतं.

पुढच्याच्या पुढच्या सफरीत ते झालं. समुद्र खवळलेला होता. दोघं आपल्या सहाव्या मजल्यावर पट्ट्या ताणत होते. वायर जळाल्याचा वास आला. मग लांबच्या टोकाला धूर दिसला. अँथनी आग विझवायचा सिलिंडर घेऊन तिकडे पळाला, आणि विलास वॉकीटॉकीची रेंज मिळावी म्हणून जिन्यापर्यंत आला. त्याने “फायर, सिक्स” एवढं कळवलं. तेवढं त्याला येत होतं. पलीकडून साहेबाने भराभर काहीतरी विचारलं. साहेब विचारत होता, तुम्ही दोघंही बाहेर आलात का. विलासला वाटलं, तो वर ये म्हणतोय. अँथनी जवळ नव्हता, काय म्हणे रे तो असं विचारायला.

“अंडरस्टुड, सर,” विलास म्हणाला. साहेबाने पुन्हा विचारलं. विलास पुन्हा तेच म्हणाला आणि जिना चढायला लागला. साहेबाने ते ‘हो’ धरलं; खाली दारं बंद झाली, गॅस सुटला. वर माणसं मोजली तेव्हा एक कमी भरला.

आधी मोजायला हवं होतं, असं नंतर सगळेच म्हणाले. खरं आहे. मी या वाक्यावर पुष्कळ झोपा काढल्या आहेत. त्यांनी मोजलं नाही हा त्यांचा दोष. तो माझ्या दोषातून वजा होत नाही.

अँथनी दाराच्या आतल्या बाजूला सापडला. त्याच्या घरी कोणकोण होतं, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

शेवटचं सांगण्याआधी पुढचं सांगून टाकते, म्हणजे मग माझ्याकडे आडोसा राहणार नाही. कंपनीच्या चौकशीत विलासने सांगितलं की प्रश्न समजला होता, उत्तर निष्काळजीपणे दिलं. त्याची जहाजाची कागदपत्रं रद्द झाली. आता तो जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी ट्रकमधून नेतो. सिंदीत त्याला समोर कुणी काही म्हणत नाही. मागे म्हणतात — एका माणसाले मारून आला. आत्याने मला सून म्हणणं बंद केलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

तो असं का बोलला चौकशीत? ते चौकशीच्या आदल्या आठवड्यात आमच्या बैठकीत ठरलं होतं.

आत्या आणि तो दुपारच्या पॅसेंजरने आले होते. विलास खुर्ची असून जमिनीवर बसला, आत्याच्या शेजारी. बाबांनी पंखा वाढवला. त्याने सगळं सांगितलं, आत्ता मी सांगितलं तसं, पण माझ्याहून कमी शब्दांत. मग बाबांनी विचारलं, “पण बाबू, समजलं नाही तर समजलं नाही म्हणायचं. एवढं साधं. काऊन नाही म्हटलं?”

“म्हणाचं नसते मामा. घरी पाठवतात.”

“कोण म्हणे असं?”

विलासने माझं नाव घेतलं नाही. आत्या त्याला कोपराने ढोसत म्हणाली, “सांग ना रे. साहेबायले तरी सांगशीन का नाई? पोरगं जाणून खोटं नाई बोललं एवढं तं कळंल त्यायले. त्या अँथनीच्या मायले तरी कळंल.”

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. परवानगी मागत होता.

“तिथं विचारतीन, तुले असं कोणं शिकवलं,” तो म्हणाला. “रश्मी हो म्हणन तं मी सांगीन. तिले बोलावतीन-बिलावतीन नाई, मी विचारून घेतलं. आन् ती नाई म्हणन तं नाई सांगत. रश्मी, तुले आठवते का? मी विचारलं होतं तुले एक वाक्य.”

सगळे माझ्याकडे बघत होते. आई पदराला हात पुसत दारात आली. बाबांच्या चेहऱ्यावर मला दिसलं — ते आधीच दुखावले होते, की माझ्या मुलीवर हे येतंय. चार माणसांसमोर माझा आवाज एरवी फुटत नाही. पाहुण्यांना नाव सांगतानाही आईला माझ्या वतीने बोलावं लागायचं.

त्या दिवशी तो फुटला. स्वच्छ, मोठा, एकदाही न अडखळता.

“नाही,” मी म्हणाले. “तू मला असं काही विचारलंच नव्हतं.”