आईच्या बाजूची काच

आमच्या पिकअपचा एसी हळूहळू बंद पडत गेला तेव्हा घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मासळी मागे बर्फात आणि माणसं पुढे उकाड्यात, पाचूबंदरला असंच चालतं. एसी आम्ही हौसेने घेतलाही नव्हता. गाडी जुनी, आमच्याआधी एका बागायतदाराकडे होती, एसी तिच्यासोबतच आला.

मग एप्रिलमध्ये, बोळिंजला मासळी विकायला जाताना, सिग्नलला थांबलो असताना आईचं डोकं काचेवर टेकलं. मला वाटलं झोपली. ती झोपली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, दुपारच्या उन्हात निघू नका, निघालात तर गाडी गार हवी. दवाखान्यात सोबत आलेल्या काकांनी घरी येऊन फक्त पहिलं अर्धं वाक्य सांगितलं.

आईचा धंदा दुपारचाच आहे. बोटी लागतात, लिलाव होतो, पाट्या भरल्या की आम्ही निघतो. मी गाडी चालवते. संध्याकाळी कामावरून परतणारे लोक येईपर्यंत तिला बोळिंजच्या मोठ्या सोसायट्यांबाहेर तिच्या जागेवर बसलेलं असावं लागतं. त्या जागेला कागद नाही. रोज बसते तिची जागा. नाही आली की शेजारणीची पाटी थोडी सरकते, मग अजून थोडी, आणि मग कोणी विचारतही नाही.

"वैनी, तुमी आता आराम करा," काका म्हणाले. "आमची बायको बसेल तिथं. जागा घरातच राहील."

आई कोयता घासत होती. तिने मान वर केली नाही. "घरातच म्हंजे कोनाच्या घरात?"

मी गाडी गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडून बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, तिथे कोणी नव्हतं. "घरी कोणी जेन्ट्स असतील तर पाठवा, त्यांना समजावतो." मी "बरं" म्हणाले आणि गाडी परत आणली. मी फार वेळा बरं म्हणते. शाळा इंग्रजीतली असल्यामुळे मला मराठीत नीट भांडता येत नाही, आणि इंग्रजीत भांडावं असं बंदरावर कोणी नाही. लोकांना वाटतं बरं म्हणजे हो.

एसीत भरायच्या गॅसचा डबा, नळी आणि दाब दाखवणारा, काटा असलेला गेज मी मागवून घेतला. माहिती सगळी इंग्रजीत होती, ती मी दोनदा वाचली. काटा लावून पाहिला; शून्यावर नव्हता, म्हणजे थोडा गॅस शिल्लक होता. शून्यावर असता, म्हणजे मोठी गळती असती, तर मी हात लावला नसता. सांध्यांना साबणाचा फेस लावला. बुडबुडे कुठे आले नाहीत. इतक्या वर्षांत थोडा थोडा झिरपून गेला असणार.

डब्यावर लिहिलं होतं, थंड जागी ठेवा. म्हणून मी तो पापलेटांच्या पेटीत, फोडलेल्या बर्फात खोचून ठेवला.

सकाळी अंगणात बॉनेट उघडलं. इंजिन चालू, एसी पूर्ण, हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. काका खुर्ची घेऊन बसले.

"इंग्लिश शाळेत हेच शिकवतात काय?" ते म्हणाले. "आनि एवडं कशाला? तुजी आय काय सुरमय हाय, थंड ठेवायला?"

आई ओट्यावरून म्हणाली, "सुरमय असते तर तू मला कदीच इकून टाकलं असतंस."

जाड पाइपावर नळी बसली. बारीक पाइपावर ती बसतच नाही, तशीच बनवलेली असते, चूक होऊ नये म्हणून. मी डबा उघडला आणि काट्याकडे बघत राहिले. काटा हलला नाही. कॉम्प्रेसर टक करून लागायचा, टक करून सुटायचा. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

मोज्यातूनही डबा बोचत होता, इतका गार. तेव्हा लक्षात आलं. आतला गॅस थंड पडला होता, त्याला बाहेर यायला जोरच नव्हता. आमच्या घरात जे सांभाळायचं ते बर्फात घालायचं, लहानपणापासून हात तेच करतो. मी मासा समजून गॅस ठेवला होता.

"आई, पाणी दे. कोमट."

"च्याला?"

"डब्याला. हात घालवेल इतकंच गरम."

"आता त्याला आंगोळ," काका म्हणाले.

आईने बादली आणली आणि माझ्या शेजारी धरून उभी राहिली. मी डबा उभाच, अर्धा पाण्यात धरला. थोड्या वेळाने काटा हलला, वर चढू लागला. कॉम्प्रेसर लागला आणि लागलेलाच राहिला. काटा हिरव्या पट्ट्यात आला तशी मी डबा बंद केला.

"बंद का केलास? अजून हाय ना आत," काका उठले. "भर सगला. फुकट जाईल."

"नाही."

"अगं, जास्त भरला तर जास्त गार होईल."

"नाही होणार. बिघडेल." माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला. "आणि आई आज बोळिंजला जाणार आहे."

"आज जाईल. उद्या परत गॅस गेला तर?"

"गळती शोधीन. परत भरीन."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी बरं म्हणेन अशी वाट बघत. मी नळी काढली आणि झाकण घट्ट बसवलं.

दुपारी आई केबिनमध्ये बसली. काकांनी खिडकीत वाकून काहीतरी सांगायला सुरुवात केली. आईने हँडल फिरवून काच वर घेतली. त्यांचं तोंड हलत होतं, मला ऐकू येत नव्हतं. मी गाडी काढली.

त्या सिग्नलला आम्ही पुन्हा थांबलो. मी आईकडे बघितलं.

"पुडं बघ, बाय," ती म्हणाली. "मी जागी हाय."

बोळिंजला शेजारणीची पाटी आमच्या जागेत बरीच आली होती. शेजारीण म्हणाली, "आलीस? मला वाटलं आता येत नाहीस."

आईने पदर खोचला, पायाने ती पाटी पलीकडे सरकवली, आणि बसली.