पिशवी आणि दोन लिंबं

"लिंबू? माझ्या दवाखान्यात लिंबू?"

डॉक्टर ओरडत होता. असा, की निपाणीच्या स्टँडवर सुटायला निघालेली कोल्हापूर गाडी जाग्यावर थांबली असेल. एका हातात त्याचा फोन, त्यात माझा व्हिडिओ. दुसऱ्या हातात माझी बाजाराची पिशवी, माझ्या खुंटीवरनं ओढून आणलेली. समोर बाकड्यांवर बायका. मध्ये मी, वॉर्डातली आया, हातात फरशीचं फडकं.

"ह्या बघा नव्या डॉक्टरीणबाई! कन्नड फॉर्म वाचता येत नाही, आणि ऑपरेशन शिकवतायत!"

बायका हसल्या. डॉक्टरचं ओरडणं परवडलं, हे हसू नाही. त्यातल्या कितीजणींच्या वेण्या मी घातलेल्या. लघवीची भांडी मी उचललेली.

व्हिडिओत मी तोंड दाखवलं नव्हतं. नुसते हात. पण माझा आवाज म्हणजे फाटका ढोल, कणकुंबीच्या रानातला गवासुद्धा ओळखेल. कापडी पिशवी तोंड खाली करून धरलेली, वरच्या दोन कोपऱ्यांना एकेक लिंबू बांधलेलं.

"बायांनो, ही आपली पिशवी. मूल वाढतंय ती. ही लिंबं म्हंजे अंडाशय. डॉक्टर पिशवी काढूया म्हणला तर विचारा. का काढायची? औषधानं भागंल काय? आणि लिंबं ठेवणार, का तीबी काढणार?"

एवढंच.

हे विचारायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकतिसाव्या वर्षी, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात, "गाठ काढायची हाय, सही कर" म्हणाले. आमचा मुलूख कर्नाटकात, म्हणून फॉर्म कन्नडात. मी कन्नड बोलते अशी, की बाजारात भांडण कधी हरले नाही. पण अक्षर? एक ओळखीचं नाही. खाली मराठीत सही ठोकली. तीन महिन्यांनी, ऐन थंडीत अंगातनं वाफा निघायला लागल्या, तेव्हा एका नर्सकडनं फाइल वाचून घेतली. पिशवी गेलेली. दोन्ही अंडाशय गेलेले.

घरात म्हणाले, सुटलीस. नऊ माणसांचं घर. त्यात हे बोलायला मला एक माणूस मिळालं नाही. शेवटी फोन भिंतीला टेकवला आणि त्याच्याशी बोलले.

तो व्हिडिओ लाखभर लोकांनी बघितला, असं मी सांगत फिरते. खरं सांगू? त्रेचाळीस. त्यात अकरा वेळा मीच.

डॉक्टरनं पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. सुकलेली लिंबं छातीवर आपटली.

"आता पूस तो व्हिडिओ. सगळ्यांसमोर."

मी फोन काढला. अंगठा नेला. बाकड्यांकडं बघितलं, कुणी एक शब्द बोलेल म्हणून. एक बाई मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. बस.

मग माझं लक्ष माझ्याच हाताकडं गेलं. ह्याच हातानं सही केलती. न वाचता. कुणीतरी कर म्हणालं म्हणून.

"पुसत न्हाय," मी म्हणाले.

"काय?"

"पुसत न्हाय, साहेब."

दुसऱ्यांदा आवाज फाटला नाही.

"मग उद्यापासून येऊ नकोस."

फडकं बादलीत टाकलं. गळ्यातली पिशवी काढली नाही. तशीच घालून भर दुपारी स्टँडपर्यंत चालले. दोनदा वळून बघितलं. मागनं कुणी येत नव्हतं.

घरी थोरल्या जाऊबाई, आक्का, भाकरी थापत होत्या. बातमी माझ्या आधी पोचलेली.

"घालवलीस न्हवं नोकरी? लई शहाणी. आता काय करणार गं?"

मी सुकलेली लिंबं सोडली. दोन ताजी बांधली. फोन भिंतीला टेकवला.

"कन्नडात करणार."