शहापूर नाक्यावरची वायरमावशी

शहापूरच्या नाक्यावर गाड्यांच्या वायरिंगची टपरी मावशी चालवायची. नवं गिऱ्हाईक इकडेतिकडे बघत विचारी, "मिस्त्री कुठे गेला?" मावशी हातातलं काम न सोडता म्हणे, "पुढ्यात उबी हाय. बोला."

आमच्या वडिलांची जुनी, दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स गाडी होती. आख्ख्या मुरबाडात तशी दुसरी नव्हती. वडील गेले त्याच पावसाळ्यात तिला वेड लागलं. सर आली की हॉर्न आपोआप वाजे, दिवे लागत. शेजारच्या साखरपुड्यात ती पाऊण तास बोंबलली. मुंबईच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, वायरिंग कुजलंय, भंगारात द्या. दादाने लगेच भंगारवाला ठरवला. मी त्याच्याशी कडाकडा भांडलो आणि गाडी टोचन करून मावशीकडे नेली.

मावशी सापगावची, भातशेतीच्या घरातली. तिने वायरींना हातच लावला नाही. आतला ओला गालिचा उपसला, तळ पुसून त्यावर तांदळाचं पीठ भुरभुरवलं आणि टपावर तांब्याने पाणी ओतायला लागली. मी बावळटासारखा बघत राहिलो.

"मुंबईवाला वायरी बगत बसला. बांदातून पाणी जायला लागलं तर आमी भात बगत नाय बसत. खेकड्याचं बीळ शोदतो."

पिठात ओला ओघळ उमटला. टपाचं पाणी बाहेर सोडणारी दारामागची नळी पाल्याने तुंबली होती, आणि सगळं पाणी आत फ्यूजच्या डब्यावर उतरत होतं. तिने सायकलच्या तारेने नळी मोकळी केली, डब्यातला हिरवा गंज खरवडला, कुजलेली चार टोकं तेवढी बदलली.

दुसऱ्या दिवशी दादा भंगारवाल्याला घेऊनच हजर. "मावशी, उगाच नाद करू नका. गाडी संपली."

मावशी तडकली. "नाद नाय, धंदा हाय माजा! ओता पाच हंडे टपावर. हॉर्न वाजला तर आजपासून टपरी बंद."

दादाने स्वतः पाच हंडे ओतले. गाडी गप्प. मग तो आत बसला आणि त्याने मुद्दाम हॉर्न दाबला. वडील घरी आले की वाजायचा तोच आवाज. स्मशानात डोळ्यांत टिपूस न आणलेला माझा भाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला.

"मग गाडी कधी उचलू?" भंगारवाल्याने विचारलं.

"तू नीग रे! माणूस रडतंय, दिसत नाय?" मावशी त्याच्यावर खेकसली.

पुढे हायवे रुंद झाला तेव्हा तिची टपरी दोनदा उठवली. दोन्ही वेळा तिने चार पावलं मागे सरकून ती पुन्हा मांडली. मग एका श्रावणात मावशी गेल्याचा निरोप आला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि दादा वडिलांची गाडी काढत होता. वहिनी म्हणाली, "अहो, जीप न्या. ही वाटेत बंद पडेल."

"नाय पडणार," दादा म्हणाला. "मावशीचा हात लागलाय तिला."