लालबागच्या डंकावरचा पडदा

गिरगावचा माणूस काशीला उठून जाईल, पण लालबागला जायचं म्हटलं की त्याला पंचांग बघावंसं वाटतं. मीही टाळाटाळ करत होतो. शेवटी मामेभाऊ वसंताचा तिसरा निरोप आला आणि ठाकूरद्वारच्या नाक्यावर ट्राममध्ये चढलो.

मी जाहिराती लिहून पोट भरतो. केशतेल, दंतमंजन, पोटदुखीवरचा अर्क, जे येईल त्याचे गुण गातो. वसंताचं लालबागला मसाला कुटायचं दुकान. गिरणीकामगारांच्या घरच्या बायका भाजलेल्या मिरच्या-धणे घेऊन येतात आणि तो डंकावर, म्हणजे विजेवर आपटणाऱ्या मुसळांखाली, कुटून देतो. वर्षाचा मसाला चैत्र-वैशाखातच व्हायचा, पुढे पाऊस. आणि ऐन वैशाखात त्याचा डंक थंड पडला होता. निरोप असा: "दादा, तू लिवणारो माणूस. जाहिरातीच्या चार ओळी लिव, नायतर डंक विकतंय नि गावाक जातंय."

सौ.ने संधी साधली. आमच्याही वर्षाच्या मिरच्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "कुटताना समोर उभे राहा," एवढं बजावलं.

तुमचं छोटं दुकान असेल तर हा प्रवास जरूर करा. खर्च मामुली आहे. किती, ते नवे पैसे आल्यापासून कंडक्टरलाही धड सांगता येत नाही. माझी पिशवी हुंगून त्याला शिंकांची माळ लागली.

"साहेब, बाँब आहे का काय?"

"मिरच्या आहेत."

"मग जपून. हल्ली मुंबईत तेवढ्यावरही धरून नेतात."

लालबाग वाटेतच लागलं, पण मी उतरलो नाही. आधी दादर गाठायचं होतं. वसंताने दिवाळीनंतर दुकानाचं रूप पालटलं होतं, ते शिवाजी पार्काजवळचं एक दुकान बघून. म्हटलं, अस्सल आधी बघावं, मग नक्कल.

अस्सल छानच होतं. वर पंखा, खाली खुर्च्या, काचेचं कपाट, त्यात लेबल लावलेल्या मसाल्याच्या पुड्या. कुटणं मागच्या खोलीत, मध्ये फुलाफुलांचा पडदा. एक बाई आल्या, खुर्चीवर टेकल्या.

"ताजा आहे ना हो?"

"आजचाच."

पुडी घेऊन गेल्या. पडद्यामागे काय चाललंय याची त्यांना फिकीर नव्हती. मिरच्या दुकानदाराच्या, विश्वासही दुकानदारावर.

तिथून परळपर्यंत चालत आलो. उन्हाने टाळू तापली. गिरणीसमोरच्या हॉटेलात उसळपाव खाल्ला. झणझणीत आणि स्वस्त, पाणी मात्र स्वतःचं न्या. समोरच्या भिंतीवर गेरूने लिहिलं होतं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. माझ्या धंद्यातल्या माणसाने लाजावं असं वाक्य. छपाई नाही, चित्र नाही, आणि किंमत मोजायला माणसं छातीवर गोळी घेतात. मी इतकी वर्षं केशतेल खपवतोय. कोणी केससुद्धा दिला नाही.

लालबागला वसंता दुकानात एकटाच बसला होता. वर पंखा, खाली खुर्च्या, मागे फुलाफुलांचा पडदा. कापडही तेच मिळवलं होतं पठ्ठ्याने. समोरच्या फुटपाथवर मात्र दुसऱ्या डंकाची रांग कोपऱ्यावरून वळली होती. त्या दुकानाला दारसुद्धा नव्हतं. डंक रस्त्यावरच धडधडत होता, अंगावर लाल धूळ, आणि बायका पदर नाकाला लावून आपापल्या मिरच्यांवर नजर ठेवून उभ्या.

"माका काय समाजना नाय," वसंता म्हणाला. "बसूक खुर्ची दिली, वारो दिलो. तरी हेंका त्या धुळीतच उभ्या ऱ्हवाचा आसा."

मी पिशवी घेऊन त्या रांगेच्या कडेला गेलो. पुढच्या मालवणी बाईंना विचारलं, समोर मोकळं आहे, तिथे का जात नाही?

त्यांनी आवाज खाली आणला. "पडद्याआड आमच्याआधी कुणाचा कांडला, काय म्हायत? हय दिसता तरी. प्रत्येकीनंतर उखळ पुसतत."

त्यांच्या मागे सोनाबाई उभ्या होत्या. वसंताच्या दुकानावरच्याच चाळीत राहणाऱ्या, नवरा गिरणीत साच्यावर. नागपूरला दीक्षा झाली त्या वर्षी हे घर बौद्ध झालं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मला इचारा ना भाऊ," त्या म्हणाल्या. "पडदा कुणासाठी टांगला, कळतं आमाला. आमच्या मिरच्या आत नेऊन कुठल्या कोपऱ्यात टाकत्यात, कधी कांडत्यात, कुणी बघितलं? मोर्च्यात या बाईच्या खांद्याला खांदा लावून चालले मी. डंकावर मातर पडदा?"

मालवणी बाई समोर बघत राहिल्या. रांग दोन पावलं सरकली, दोघी मिळून सरकल्या.

दुकानदारांनो, एवढंच ध्यानात ठेवा. दादरचं गिऱ्हाईक रिकामी पिशवी घेऊन येतं, लालबागचं भरलेली. रिकामीत तुम्ही पुडी टाकता. भरलेलीत तुम्ही डोळ्यांदेखत हात घालायचा असतो.

वसंताला सांगितलं. मग स्टुलावर चढून त्याने पडदा ओढून काढला. "देवाशप्पथ, माज्या मनात काय नव्हता," म्हणाला. आम्ही दोघांनी डंकाकडे जाणारी वाट मोकळी केली, खुर्च्या बाहेर काढल्या. वसंताने रस्त्यापलीकडे हाक मारली, "सोनाबाय, येवा. पडदो काढलंय."

सोनाबाईंनी मान वळवून पाहिलं.

"आज काढलास. आता आमचा नंबर आलाय हितं."

आणि त्या तिथेच राहिल्या.

मग जाहिरातीला बसलो. पडदा तुमच्यासाठी नव्हता, असं लिहावं, तर वाचणारी प्रत्येक बाई विचारणार, मग कुणासाठी होता? पडदा काढला, असं लिहावं, तर होता याची दवंडी. खोट्या अर्काचे गुण मला झोपेत सुचतात. हे एक खरं वाक्य काही केल्या उतरेना. कागद कोरा ठेवून उठलो. जाहिरातवाल्याला विचारायचं ते पडदा टांगण्याआधी. नंतर तो माझ्यासारखा उसळपाव खाऊन परत जातो.

आमच्या मिरच्या वसंताने कुटल्या. समोर मीच एकटा, तरी त्याने आधी उखळ फडक्याने नीट पुसलं. रस्त्यापलीकडे दिसेल असं, फडकं उंच झटकून. कोणी बघितलं नाही.

ट्रामपर्यंत पोहोचवायला आला तेव्हा म्हणाला, "समोरच्याक दुसरो डंक व्हयो आसा. परवा तो माका इचारीत होतो."

"आणि तू?"

"बघूया. हो वैशाख जावंदे." वैशाखाचे दिवस किती उरलेत हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. हाताला अजून मिरचीची आग होती. सौ.ने पिशवी उघडली, चिमूट जिभेवर ठेवली, रंग उजेडात धरून पाहिला. पसंत पडला. बरणी पुसायला घेतली आणि सहज विचारावं तसं विचारलं,

"आपल्याआधी कुणाचं कांडलं हो?"

"कुणाचंच नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधू लागली.